मुंबई ते न्यूयॉर्क किती लांब?

कोणी अमेरिकेला निघालं की घरातला पहिला प्रश्न ठरलेला, विमानाला किती तास लागतात. किलोमीटर कोणीच विचारत नाही, आणि मला वाटतं तेच बरोबर आहे.

किलोमीटरच सांगायचे तर मुंबई ते न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर साधारण साडेबारा हजार. पण ही 'सरळ' भानगड भिंतीवरच्या नकाशात कळत नाही. तिथे वाटतं की अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक, झालं. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, तो चक्क वर जातो, अफगाणिस्तान, रशिया, मग आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, आणि लंडन बिचारं खूप खाली राहतं. म्हणून सीटसमोरच्या स्क्रीनवर विमान उत्तरेला चाललेलं दिसलं की पहिल्यांदा जाणारे आई-बाबा जरा घाबरतात की पायलट चुकला की काय :)

आता गंमत तासांची. जाताना पंधरा-सोळा तास लागतात, येताना त्याहून कमी. रस्ता तोच, विमानही तेच. पुष्कळांना वाटतं पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, पण तसं नाहीये, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते ना. खरं कारण जेट स्ट्रीम, म्हणजे विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे, हिवाळ्यात तर फारच. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळाच्या वाऱ्यावर न्यूयॉर्कहून निघालेलं एक विमान 4 तास 56 मिनिटांत लंडनला पोचलं होतं, एरवी सहा-सात तास लागतात.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं. एअर इंडिया आधी अटलांटिकवरून जायची, सुमारे 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांनी उलटीकडून, पॅसिफिकवरून विमान नेलं, 15,300 किलोमीटर, आणि साडेचौदा तासांत पोचले, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त जाऊन वेळ दोनेक तास कमी! वारा पाठीशी असला की लांबचा रस्ता परवडतो, हे आपल्या कोकणातल्या शिडाच्या होडीवाल्यांना कुणी सांगायला नको.

वेळेचा घोळ वेगळाच. उन्हाळ्यात रात्री दीडला मुंबई सोडा, पंधरा तासांनी उतरा, तर तिथे त्याच दिवशीचे सकाळचे सात वाजलेले असतात, तिकिटावर बघितलं तर प्रवास साडेपाच तासांचा वाटतो. हिवाळ्यात त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, मग सगळी आकडेमोड परत करा.

आणि वाऱ्यापेक्षाही लहरी म्हणजे राजकारण. एप्रिल 2025 पासून पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आकाश बंद केलं, आणि मग दिल्लीहून अमेरिकेच्या काही फ्लाइट्सना वाटेत व्हिएन्नाला उतरून इंधन भरावं लागलं. त्याआधी 2019 मध्येही काही महिने हेच झालं होतं. गंमत म्हणजे 2022 पासून रशियाचं आकाश अमेरिकन कंपन्यांना बंद आणि आपल्याला उघडं, म्हणजे त्याच दोन शहरांमधलं अंतर कुठल्या कंपनीचं तिकीट काढलंय त्यावरही बदलतं. त्यामुळे हल्ली मावशीने विचारलं की मी 'सोळा धर' म्हणते, आणि न्यायला येणाऱ्याला सांगते की आकडा विसर, निघायच्या आधी फोनवर फ्लाइट ट्रॅक कर.