सहानंतर एकट्यानं थांबायचं नाही

परवा संध्याकाळी सहाला आमच्या लॅबच्या तंत्रज्ञ बाई दारात आल्या. "तुझ्यासोबत कोण आहे?" कोणी नाही, म्हटलं. "मग बंद कर."

माझे मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली वीजघरं) तेव्हा बर्फात होते. सकाळी सातपासूनचं काम. ग्लिसरॉलवर वाढवलेलं यीस्ट (भरपूर साखर दिली की ते आंबवण्यावरच भागवतं, मायटोकॉन्ड्रियाकडे फार लक्ष देत नाही), एन्झाइमनं त्याची भिंत विरघळवायची, काचेच्या खलात हलक्या हातानं फोडायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायचं, गाळ टाकायचा, पुन्हा फिरवायचं. फोडल्यापासून पुढचं सगळं थंडीत. आतलं आवरण शाबूत असेल तरच मोजणीला अर्थ, आणि ते बर्फातसुद्धा हळूहळू गळायला लागतं. उद्या बघू म्हणायची सोय नाही.

नियम असा की सहानंतर प्रयोग करायचा तर हाकेच्या अंतरावर दुसरं माणूस पाहिजे. दारावर तक्ता आहे, त्यात दोन नावं लागतात. जर्मनीत फ्रायबुर्गला येऊन दीड वर्ष झालं, तरी हा तक्ता दिसला की माझं डोकं फिरतं. अरे, आमच्याकडे मे महिन्यात, 44 अंशांत, रसवंतीवरून थर्मासमध्ये बर्फ आणून मी हेच काम केलंय! लाईट गेली की सेंट्रिफ्यूज घरघरत थांबायचं. मग वॉचमन मामांना उठवायचं, जनरेटर लावायचा, पुन्हा पहिल्यापासून. रात्र रात्र एकटा. कोण सोबत आहे असं कुणी एकदाही विचारलं नाही. त्यातल्या किती रात्रींचे आकडे कामाचे निघाले, ते मात्र विचारू नका.

नेमकं काय बघतोस, असं गावाकडून सारखं विचारतात. पैठण आठवा. नाथसागराची भिंत म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचं आतलं आवरण, अडवलेलं पाणी म्हणजे प्रोटॉन, आणि टर्बाइनच्या जागी एटीपी सिंथेज (एटीपी म्हणजे पेशीचं इंधन, ते बनवणारं यंत्र), तेही खरोखर गरगर फिरणारं. भिंत फक्त सहा-सात नॅनोमीटर जाड, पण दोन्ही बाजूंत दीडशे मिलिव्होल्टच्या आसपास फरक. मीटरच्या हिशेबात दोन कोटी व्होल्टच्या वर. शिवाय धरणासारखी सरळ नाही, घड्याघड्यांची, म्हणून टर्बाइनं भरपूर मावतात. पीटर मिचेलनं 1961 साली हे मांडलं तेव्हा पुष्कळांना पटलं नव्हतं. 1978 ला त्यावरच नोबेल मिळालं. पैठणचं 12 मेगावॅटचं टर्बाइन उलटं चालवून पाणी वर चढवता येतं, तसंच सिंथेजचंही आहे: दाब घसरला की एटीपी खर्चून प्रोटॉन बाहेर ढकलायला लागतं. इथं हे सांगून उपयोग नाही, पैठण कुणी पाहिलेलं नाही. ती त्यांची अडचण.

तर बाई. माझं तोंड बघून त्या गेल्या, कोट काढून आल्या, कोपऱ्यात खुर्ची ओढली आणि पिशवीतून विणकाम काढलं. तक्त्यावर स्वतःचं नाव लिहिलं. पावणेनऊपर्यंत बसल्या. मी एडीपी (एटीपीचा कच्चा माल) टाकलं, स्क्रीनवर उरलेल्या ऑक्सिजनची रेघ धाडकन खाली आली, आणि एडीपी संपल्यावर पुन्हा आडवी झाली. म्हणजे आवरण गळत नव्हतं. गळकं असतं तर रेघ तशीच घसरत राहिली असती. माझ्या तीन महिन्यांतली सगळ्यात देखणी रेघ! बाईंनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. टाके मोजत होत्या.

रात्री परभणीला फोन लावला. आई माळकरी, तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "आज कुणाचा जीव तर नाही ना घेतलास?" यीस्ट गं, पावातलं. मग नियमाचं सगळं गाऱ्हाणं ऐकवलं. वाटलं, म्हणेल, पोराचे किती हाल करायलेत.

"मग बरोबरच हाय की त्यांचं," ती म्हणाली. "रातच्याला लाईट आली की तुझे बाबा मोटार चालू करायला एकटेच जातेत मळ्यात. परत येईस्तोर माझा डोळा लागतो का? तू रात्री तिथं एकटाच बसायचास, हे मला आत्ता सांगायलास होय रे?"

मी म्हटलं, ठेवतो आता, इथं उशीर झालाय.