आजीची पाऊणपट

कोळीवाड्यातल्या घरात आजी गेली की तिच्या मागे भिंतीवर दोन गोष्टी उरतात. एक हार घातलेला फोटो आणि दुसरं तिथी दाखवणारं कॅलेंडर. फोटोतली आजी ठेवणीतलं लुगडं नेसून, जन्मात कधी बसली नसेल इतकी ताठ बसलेली असते. तिची खरी आठवण येते ती कॅलेंडरपाशी.

घड्याळावाचून तिचं काही अडत नसे. सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न, “आज तिथी कुठली?” उत्तर मिळालं की तिची पाऊणपट करायची, झाली भरतीची वेळ. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, एकादशीला सव्वाआठ. पहाटे ३ तशी दुपारीही ३च्या सुमारास, कारण दिवसात भरत्या दोन. पौर्णिमा किंवा अमावास्या सरली की प्रतिपदेपासून पुन्हा मोजायला लागायचं. पुरी भरती झाल्यावर साधारण सव्वासहा तासांनी पाणी तळाला जातं. पाऊणकीच्या ज्या पाढ्याने शाळेत भल्याभल्यांना रडवलं, तो शाळेची पायरी न चढलेल्या बायका असा जिभेवर खेळवत.

हिशेब थोडा लंगडा आहे, हेही सांगायला हवं. भरती तिथीमागे ४५ नव्हे, सुमारे ४८ मिनिटं पुढे सरकते. त्यामुळे पंधरवड्याच्या अखेरीस तो मागे पडतो. पाऊणपटीने अमावास्येला सव्वाअकरा येतात, पाणी मात्र बाराच्या आसपास भरतं. शिवाय हा आडाखा मुंबईच्या किनाऱ्याचा. मालवणकडे भरती बरीच आधी लागते आणि कुठल्याही खाडीत आत शिरावं तसा उशीर होत जातो. आता मोबाइल ३ वाजून १७ मिनिटं असं बिनचूक सांगतो. आजी नुसतं “तीनला” म्हणायची. वरची सतरा मिनिटं टोपली शोधण्यात जायचीच.

या गणितात एक गंमत आहे. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला, भरती बाराच्या आसपास, म्हणून ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. त्या दिवसांत पाणी चढतं जास्त तसं हटतंही लांब, आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. खडकाला चिकटलेली कालवं, म्हणजे एक जातीच्या शिंपल्या, काढायला बायका उजाडता उजाडता निघत त्या यामुळे. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सगळ्यात कमी असतो तेव्हा, ओहोटी भर दुपारी, पण पाणी जेमतेम मागे सरतं. उन्हात तापायचं आणि टोपलीचा तळही झाकायचा नाही. खडकावर जायचं ते पाणी तळाला पोचण्याच्या दीड-दोन तास आधी. पाणी पलटलं की परत फिरायचं, कारण ते समोरून अंगावर येत नाही. आधी पाठीमागच्या घळीत गुपचूप शिरतं आणि घरची वाट अडवतं.

गुडघे बोलायला लागले की खडक सुटतो. मग आजीचं बूड वलांडीखाली, म्हणजे मासळी वाळवायच्या मांडवाखाली, बोंबलांच्या राखणीला. तिला बसवलंय असं सगळे म्हणत. खरं तर कारभार तीच चालवायची. ओल्या बोंबलात दहातले जवळपास नऊ भाग पाणी. तो जमिनीवर पसरला की लगदाच. म्हणून दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून आडव्या दोरीवर टाकायचे. दात बारीक आणि आत वळलेले, त्यामुळे गाठ न मारता जोडी टिकते. जोड्यांमध्ये बोटभर जागा हवी. घाईत एकाला एक चिकटवले की वारा आत शिरत नाही, बाहेरून कडक दिसणारा बोंबील काट्यापाशी ओला राहतो आणि चार दिवसांत अळी धरतो. आजी वरून रंग बघत नसे. पाठीच्या काट्यालगत अंगठ्याने दाबायची. अंगठा रुतला की अजून एक ऊन. अवकाळीची एखादी सर आली तर मात्र सगळी वलांडी मातीमोल, तिथे अंगठ्याचंही काही चालत नाही.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्र बंद. त्याआधी आगोटीची भरणी, म्हणजे पावसाळ्यापुरती साठवण. सुके बोंबील, जवळा, सोडे यांना पुन्हा एक कडक ऊन द्यायचं आणि सावलीत पूर्ण निववूनच डब्यात भरायचं. गरम भरलं की वाफ झाकणाला धरते आणि तेच पाणी खाली टपकून पहिल्या पावसातच बुरशी येते. जवळा आधी चाळायचा, नाहीतर कालवणात वाळू कचकचते. सुनेने घाईत गरमच भरलं तर आजी बोलायची नाही. झाकणाला आतून हात फिरवायची, ओली बोटं सुनेसमोर धरायची आणि डबा पुन्हा उन्हात नेऊन ठेवायची.