तुम्ही विचारलंत म्हणून: परदेशात धोका चवीचा की आणखी कशाचा?

खाद्यव्यवसाय परदेशात न्यायचं ज्यांच्या मनात आहे, ते मला बहुधा एकच विचारतात: "तिकडच्या लोकांना आमची चव आवडेल ना?" प्रश्न रास्त आहे. पण चव नाही रुचली, तर ते थोड्याच दिवसांत गल्ल्यावर दिसतं आणि पाककृती बदलता येते. चव आवडते, गिऱ्हाईक येतं आणि तरीही धंदा बसतो, याची मला जास्त धास्ती वाटते.

आइसलँडचं उदाहरण घ्या. मॅकडोनाल्ड्स तिथे १९९३ पासून होतं. खाणारे होते, पण बराचसा माल जर्मनीहून यायचा. २००८ मध्ये तिथल्या बँका कोसळल्या, तिथलं चलन क्रोना गडगडलं आणि आयात मालाचा खर्च आवाक्याबाहेर गेला. ऑक्टोबर २००९ मध्ये तिन्ही दुकानं बंद झाली. चालवणाऱ्यांनी पुढे त्याच जागांमध्ये वेगळ्या नावाने, स्थानिक माल वापरून विक्री चालू ठेवली. म्हणून मी आधी विचारतो: विक्री कोणत्या चलनात होणार आणि मालाचे पैसे कोणत्या चलनात द्यायचे? या दोन्हींत मोठं अंतर असेल, तर तुमचा नफा विनिमय दराच्या हाती आहे. मुख्य माल तिथेच मिळेल का, याचा शोध दुकानाची जागा बघण्याआधी घ्यायला हवा.

दुसरा धोका घाईचा. स्टारबक्स २००० मध्ये ऑस्ट्रेलियात गेली आणि भराभर दुकानं काढत सुटली. तिथे इटालियन आणि ग्रीक स्थलांतरितांनी रुजवलेली कॉफीची सवय आधीपासून पक्की होती, गल्लोगल्ली स्वतःचे कॅफे होते. लोकांना नवी सवय लागण्याआधीच भाडी आणि पगार वाढत गेले. २००८ मध्ये कंपनीने ६१ दुकानं एकदम बंद केली. एवढा तोटा सोसून तगायला खिसा तेवढा खोल लागतो. लहान उद्योजकाचा तो नसतो, म्हणूनच मला त्याची काळजी वाटते. सुरुवातीची गर्दी बरेचदा कुतूहलाची असते. तेच लोक पुन्हा येतात का, हे कळेपर्यंत दुसऱ्या दुकानाचा करार करू नये, असं मी अगदी आग्रहाने सांगतो.

नावाचंही तसंच. ट्रेडमार्क सहसा देशागणिक वेगळा नोंदवावा लागतो. ऑस्ट्रेलियात 'बर्गर किंग' हे नाव आधीच दुसऱ्याकडे होतं, म्हणून १९७१ पासून तो धंदा तिथे 'हंग्री जॅक्स' या नावाने चालतो. तुम्ही तिकडे जाताय ही बातमी फुटण्याआधी नावाच्या नोंदणीचा अर्ज टाका.

लेबलकडे तर फार कमी जण गांभीर्याने बघतात. ॲलर्जी आणणारे घटक म्हणून युरोपीय संघात १४ पदार्थ ठळक दाखवावे लागतात. अमेरिकेच्या यादीत ९ आहेत, त्यात तीळ २०२३ पासून आला. मोहरी युरोपच्या यादीत आहे, अमेरिकेच्या नाही. एका बाजारासाठी छापलेलं पाकीट दुसऱ्या बाजारात तसंच पाठवलं, तर माल बंदरात अडकू शकतो. तो नाशवंत असेल, तर कागद दुरुस्त होईपर्यंत विकण्याजोगा उरत नाही. त्यात एखाद्याच्या जिवाचा प्रश्न असतो, हे तर दंडापेक्षा मोठं.

आणि तिथल्या भागीदाराला संपूर्ण देशाचे हक्क देणार असाल, तर करारात मुदत आणि किमान विक्रीची अट घाला. ती पूर्ण झाली नाही तर हक्क आपोआप परत यावेत, हे कलम सही करण्याआधी तिथल्या वकिलाकडून तपासून घ्या.