माती परीक्षण केलं, सेंद्रिय कर्ब निघाला 0.42

द्राक्षाचा माल निघाला की एप्रिलच्या खरड छाटणीआधी (माल निघाल्यावर वेलीच्या काड्या आखूड छाटतात ती) मातीचं परीक्षण करून घेऊ, हे दरवर्षीचं बोलणं, यंदा केलं एकदाचं. दिंडोरीकडे प्लॉट आहे, काळी जमीन, खाली चुनखड.

नमुना घेणं वाटतं तेवढं सोपं नाही हं. बांधालगतची माती नको, शेणखताचा ढीग होता तिथली नको, खत टाकल्या टाकल्या तर नकोच. कुदळीने व्ही आकाराचा फूटभर खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती वरून खालपर्यंत खुरपून काढायची, असं प्लॉटभर नागमोडी फिरत जायचं, मग सगळी कालवून गोणपाटावर पसरायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, परत कालवायची, अर्धा किलो उरेपर्यंत हेच. आणि वाळवायची सावलीत. अण्णा म्हणे, तुझी आई मसालासुद्धा एवढा जपत नाही.

लॅबमधल्या ताईंनी सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत आलेला कार्बन, कसा मोजतात ते दाखवलं. नारिंगी डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक ॲसिड मातीत टाकलं की कर्ब जळतो आणि रंग हिरवट होत जातो, किती डायक्रोमेट खर्ची पडलं त्यावरून आकडा. चुनखडीत पण कार्बन असतोच, पण तो यात धरत नाहीत, तो वेगळा मोजतात.

रिपोर्ट बराच रखडला, आला तेव्हा सामू (pH) 8.2 आणि सेंद्रिय कर्ब 0.42 टक्के. म्हणजे मध्यम, तोही काठावर पास. मग घरी हिशोब मांडला. एकराच्या वरच्या फूटभर थरात साधारण 1600 टन माती धरली तर कर्ब साडेसहा-सात टन, तो सगळा हवेत गेला तर 24-25 टन कार्बन डायऑक्साइड. एका एकराचा! जगातल्या मातीच्या वरच्या मीटरभरात साधारण 1500 अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे म्हणतात, हवेत आहे त्याच्या दीडपटीहून जास्त, ते तेव्हा कुठे पटलं.

आपल्याकडे ऊन एवढं की जिवाणू कर्ब खाऊन मोकळे होतात, त्यात ट्रॅक्टरचा रोटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) मारून मारून आपण माती उघडी करतो, आणि छाटणीच्या काड्या बांधावर पेटवतो म्हणजे वेलीने वर्षभर हवेतून ओढलेला कार्बन तासाभरात परत. यंदा काड्यांची कुट्टी करून बोदावर, म्हणजे वेलीखालच्या मातीच्या उंच वरंब्यावर, टाकली. अण्णांचं म्हणणं रोगट काड्या नको, ते बरोबरच आहे, तेवढ्या वेगळ्या काढल्या. वेलींच्या ओळींमधल्या पट्ट्यात हिरवळीच्या खतासाठी ताग पेरला.

आकडा वर्षात हलणार नाही, तीनेक वर्षांनी परत काढू. फक्त खोली तीच, महिना तोच आणि लॅबही तीच ठेवायची, नाहीतर तुलनाच होत नाही.