सरासरी काढायची घाई

सोमवार

मुगाच्या रोपांची मोजणी संपली. उन्हातला आणि सावलीतला असे दोन गट, प्रत्येकी ४ कुंड्या, कुंडीत ५ रोपं. नोंदी १, ३, ५, ८ आणि १२व्या दिवशीच्या.

आकडे भरताना एका ओळीत एकच मोजमाप. रकाने असे: दिवस, गट, कुंडी, रोप, उंची, शेरा. वहीतली चौकट जशीच्या तशी उतरवली, तर पुढे हव्या त्या गटाचे आकडे वेगळे काढताना नाकी नऊ येतात. 'सेंमी' फक्त रकान्याच्या शीर्षकात लिहायचं. '७.५ सेंमी' असं टंकलं की एक्सेल तो मजकूर समजतं आणि सरासरीतून गुपचूप वगळतं.

मेलेल्या रोपापुढे शून्य घालायचं नाही. ते घर रिकामं ठेवायचं आणि शेऱ्यात 'मेलं' लिहायचं. पण रिकाम्या घराचाही घोळ असतोच. ५ रोपं १२, ११.५, १२.५, ११ आणि ४ सेंमी असतील तर सरासरी १०.२. पुढच्या मोजणीआधी ४ सेंमीचं रोप मेलं आणि बाकीची तसूभरही वाढली नाहीत, तरी सरासरी ११.७५ होते. शून्य घातलं तर ९.४. म्हणून आलेखात प्रत्येक दिवसाच्या सरासरीजवळ जिवंत रोपांची संख्या लिहायची.

मंगळवार

सरासरीला अजून हात नाही. आधी प्रत्येक रोपाची वेगळी रेघ. ४० रेघांचं जाळं दिसायला ओंगळ असतं, पण चुका इथेच सापडतात. एखादी रेघ ८.४ वरून ७.९ वर आली, तर रोप आखडलं असं नाही. बहुतेक वेळा पट्टीचं शून्य कडेपासून थोडं आत असतं आणि एकदा ते धरलेलं असतं, एकदा नाही. किंवा पाणी घातल्यावर माती बसते, कधी खोडाशी गोळा होते. यावर सोपा उपाय म्हणजे पेरणीच्या वेळीच कुंडीत काडी रोवून तिच्यावर खूण करायची आणि उंची त्या खुणेपासून मोजायची. वाकलेलं रोप सरळ करून मोजायचं की आहे तसं, हेही पहिल्याच दिवशी ठरवायचं. मध्येच पद्धत बदलली तर त्या दिवशी सगळ्याच रेघा एकदम उडी मारतात.

एका रोपाची रेघ एकाच ठिकाणी दहापट उसळली, तर दशांश चिन्ह सुटलंय. तिथे वही उघडून बघायची, अंदाजाने दुरुस्ती नाही.

बुधवार

एक्सेलमध्ये आलेखाचा प्रकार 'लाइन' नको, 'स्कॅटर' (आडव्या अक्षावर आकड्यांची खरी अंतरं राखणारा). दिवसाचे आकडे आडव्या अक्षावर नुसती नावं म्हणून गेले, तर 'लाइन' १, ३, ५, ८, १२ यांना सारख्या अंतरावर बसवतं. ५ ते ८ दिवसांत ३ सेंमी आणि ८ ते १२ दिवसांत ४ सेंमी वाढ झाली, म्हणजे वेग दोन्हीकडे दिवसाला १ सेंमीच. तरी चित्रात दुसरा तुकडा जास्त चढा दिसतो, आणि मग निष्कर्षात 'वाढीचा वेग वाढला' असं येतं. हा सगळ्यात जास्त दिसणारा घोटाळा.

बिंदू सरळ रेघेनेच जोडायचे. गुळगुळीत वक्राची सोय बंद ठेवावी, कारण तो वक्र कुणी न मोजलेले चढउतार दाखवतो.

गुरुवार

एका गटात २० रोपं असली तरी n (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) २० नव्हे, ४ धरायचा. एका कुंडीतल्या पाच रोपांची माती, पाणी आणि कोपरा एकच. आधी कुंडीची सरासरी, मग त्या चार आकड्यांची. समजा त्या ९.८, ११.२, १०.४ आणि १२.६ आहेत. सरासरी ११. प्रमाण विचलन, म्हणजे कुंड्यांच्या आकड्यांचा पसारा, १.२१ (भागताना ४ नाही, ३). त्याला √४ ने भागलं की प्रमाण त्रुटी, म्हणजे सरासरीतली अनिश्चितता, ०.६१. ९५ टक्क्यांची विश्वास-मर्यादा मात्र ±१.९३, कारण इतक्या थोड्या कुंड्यांना गुणक २ नसून ३.१८ लागतो. आलेखात सरासरीच्या वर-खाली काढायच्या, एकाच माहितीच्या तीन वेगळ्या लांबीच्या दांड्या! त्यातली कोणती काढली ते आलेखाखाली लिहिलं नाही तर ती दांडी निव्वळ नक्षी.

डार्विनने मक्याच्या परसंकरित (दुसऱ्या झाडाच्या परागांपासूनच्या) आणि स्वयंपरागित (स्वतःच्याच परागांपासूनच्या) रोपांच्या १५ जोड्या लावल्या होत्या. परसंकरित रोपं सरासरी सुमारे २.६ इंच उंच भरली, पण दोन जोड्यांत उलटं घडलं होतं. पुढे संख्याशास्त्रज्ञ फिशरने तेच आकडे तपासले तेव्हा फरक ५ टक्क्यांच्या कसोटीला (एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी) जेमतेम उतरला. नुसत्या सरासरीच्या दोन स्तंभांत त्या दोन जोड्या दिसल्या नसत्या.

शुक्रवार

उंची म्हणजे वाढ नव्हे. अंधारातलं रोप लांबडं, पिवळट आणि बारीक होतं. उंचीच्या आलेखात ते पहिलं येतं, पण त्याचं कोरडं वजन बियाच्या वजनापेक्षाही कमी भरतं, कारण साठा श्वसनात जळतो आणि नवं काही तयार होत नाही. म्हणून शेवटच्या दिवशी माती धुऊन, साधारण ७० अंश सेल्सिअसला, लागोपाठच्या दोन वजनांत फरक न उरेपर्यंत रोप वाळवायचं. फरक थांबला की तेच कोरडं वजन.

वाढीच्या सापेक्ष वेगासाठी (आधीच्या वजनाच्या तुलनेत रोज किती भर पडली) दोन वजनांच्या नैसर्गिक लॉगरिथममधला फरक भागिले दिवस. ०.२ ग्रॅमचं १० दिवसांत ०.८ झालं तर १.३८६ ÷ १० = दिवसाला ०.१३९. लॉगरिथम प्रत्येक वजनाचा आधी काढायचा, सरासरी नंतर. उलट केलं तर एकच दांडगं रोप आकडा ओढून नेतं. शिवाय वाळवलेलं रोप पुन्हा वाढत नाही, तेव्हा सुरुवातीच्या वजनासाठी जादा रोपं लावून ती पहिल्या मोजणीच्या दिवशीच वाळवून तोलावी लागतात. या खेपेला ती नाहीत. आलेखाच्या उभ्या अक्षावर 'वाढ' खोडून 'उंची (सेंमी)' लिहिलं.