चादरीवरचा उजेड

आज सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात शूट होतं. सकाळीच कळलं, भाड्याचे लाइट येणार नाहीत. पोटात गोळाच आला. मग सत्यजित रायांचे कॅमेरामन सुब्रत मित्र आठवले. 'अपराजितो'साठी (१९५६) बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत उभारला, तेव्हा त्यांनी पांढरं कापड ताणून त्यावरून उजेड परतवला होता. आम्ही काकूंची पांढरी चादर खिडकीसमोर दोरीवर टाकली. काय मऊ उजेड पडला त्यांच्या चेहऱ्यावर! कपाळावरचं फिकट गोंदणसुद्धा उठून दिसलं.

हेच मित्र 'पथेर पांचाली'च्या वेळी जेमतेम २१ वर्षांचे. मूव्ही कॅमेरा त्याआधी कधी चालवलेला नव्हता. तरी सत्यजित रायांनी त्यांच्यावर भरवसा टाकला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पॅकअपनंतर लॉ कॉलेज रोडवर जुन्या प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी थोडा वेळ थांबलो. दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' (१९३६) इथलाच. त्यातली गौरीबाईंची जिजाई आजारी पोराला घेऊन देवळात जाते आणि पायताण उगारून थेट विठोबाला जाब विचारते. असं खरं माणूस मला पडद्यावर आणायचंय.

चादर परत द्यायला गेलो, तर काकू म्हणाल्या, "राहू दे रे, उद्याही लागेल ना तुला?"