हेडर-फूटर एकाच फाइलमध्ये ठेवलं तर गूगलला चालेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. स्वतःची वेबसाइट स्वतः बांधणारे बरेच जण मला हेच विचारतात: मेनू, हेडर, फूटर प्रत्येक पानात कॉपी-पेस्ट करायचा कंटाळा येतो, पण तुकडे वेगळे काढले तर सर्च इंजिनला पान अर्धवट दिसणार नाही ना?

तुकडे कुठे जोडता यावर ते ठरतं. सर्व्हरवर किंवा त्याच्याही आधी जोडले, तर बाहेर पडणारं पान अखंड असतं आणि ते कशातून जुळवलंय याचा बॉटला, म्हणजे सर्च इंजिनसाठी पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला, पत्ताही लागत नाही. अपाची या वेब सर्व्हरवर सर्व्हर साइड इन्क्लूड (सर्व्हरनेच एका फाइलमध्ये दुसरी फाइल जोडण्याची सोय) चालू करून घेतलं की एचटीएमएल कॉमेंटसारखी दिसणारी एक ओळ पुरते. पीएचपीत इन्क्लूड आहेच. मला मात्र जेकिल, ह्यूगो, इलेव्हंटी या साइट बांधून देणाऱ्या साधनांची पद्धत जास्त पटते. अपलोड करण्याआधीच सगळी पानं तयार होतात, सर्व्हरला जुळवाजुळव करावी लागत नाही.

आयफ्रेम, म्हणजे पानात दुसरं पान दाखवणारी चौकट, नको. त्यातला मेनू हा स्वतःचा पत्ता असलेला वेगळा दस्तऐवज असतो.

जावास्क्रिप्टने मेनू मागवायचा मोह अनेकांना होतो. गूगल स्क्रिप्ट चालवतं हे खरं, २०१९पासून त्याचा बॉट क्रोमियमच्या (क्रोम ब्राउझरच्या गाभ्याच्या) ताज्या आवृत्तीवर चालतो. पण आधी तो कच्चं एचटीएमएल वाचतो, रेंडरिंगसाठी, म्हणजे स्क्रिप्ट चालवून पूर्ण पान उभं करण्यासाठी, ते रांगेत जातं, आणि इतर बॉट स्क्रिप्ट चालवतीलच याची खात्री नाही. शिवाय साइटची बाकीची पानं बॉटला सापडतात ती लिंकांवरून, आणि त्यातल्या बहुतेक मेनूतच असतात. नेमका तोच भाग उशिरा पोचावा, हे मला पटत नाही.

सगळ्या पानांवर हेडर सारखंच, म्हणून डुप्लिकेट कंटेंटचा ठपका बसेल, अशी भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही. मेनू-फूटर सगळीकडे सारखे असणारच, हे सर्च इंजिनांना कळतं.

खरं नुकसान होतं ते अख्खा हेड टॅग (पानाबद्दलची माहिती असलेला भाग) सामायिक फाइलमध्ये टाकल्यावर. मग प्रत्येक पानाचं टायटल एकच, डिस्क्रिप्शन एकच. कॅनॉनिकल टॅग, म्हणजे पानाचा मूळ पत्ता सांगणारी ओळ, होमपेजकडे बोट दाखवणारा असेल तर आणखी वाईट, कारण ‘ही सगळी पानं होमपेजच्याच प्रती आहेत’ असं तुम्हीच गूगलला सांगत असता. या तीन गोष्टी पानागणिक वेगळ्याच हव्यात. पीएचपीत इन्क्लूडच्या आधी त्या व्हेरिएबलमध्ये भरा आणि हेडरच्या फाइलमध्ये ते व्हेरिएबल छापा. आणि मेनूतल्या लिंकांची सुरुवात स्लॅशने करा, नाहीतर होमपेजवर बिनबोभाट चालणारा मेनू सबफोल्डरमधल्या पानावर भलतीकडेच नेतो.

सगळं झालं की ब्राउझरमध्ये पान उघडून ‘व्ह्यू पेज सोर्स’ बघा. ‘इन्स्पेक्ट’ नको, तिथे स्क्रिप्टने नंतर आणलेलंही दिसतं. सोर्समध्ये मेनूतली प्रत्येक लिंक आणि त्या पानाचं स्वतःचं टायटल दिसलं, तर फाइली हव्या तितक्या वेगळ्या करा.